गरोदरपणातला थायरॉइड आणि उडालेली झोप : पाळी चुकल्यापासून बाळंतपणानंतरच्या सहाव्या आठवड्यापर्यंत काय करायचं

गोव्यात डिचोलीला माझ्या भावाच्या घरी सकाळी सहाच्या सुमारास पदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंपू वाजतो. त्याच्या पाऊण तास आधी माझी भावजय उठलेली असते. उशाशी पाण्याचा तांब्या आणि गोळ्यांची बाटली. एक गोळी, पेलाभर साधं पाणी, की पुन्हा आडवी. पदेर उंडे देऊन गेला की मग चहा. तिला सातवा महिना चालू आहे. हा क्रम आम्ही दोघींनी समोरासमोर बसून ठरवला, कारण माझ्या वेळी तो मला कुणीच सांगितला नव्हता.

माझ्या पहिल्या खेपेला तिसऱ्या महिन्यात टीएसएच (थायरॉइडचं काम दाखवणारी रक्तचाचणी; थायरॉइड कमी पडला की हा आकडा वाढतो) सहाच्या वर निघाला. गोळी सुरू झाली. चौथ्या महिन्यापासून रक्तवाढीची लाल गोळी आणि कॅल्शियमही आलं. विसरायला नको म्हणून मी तिन्ही गोळ्या सकाळच्या चहाबरोबरच घ्यायचे. महिन्याने टीएसएच वाढलेला, डोस वाढवला. पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. रात्री अंथरुणाला पाठ टेकली की पाय शिवशिवायचे, उठून पडवीत फेऱ्या मारायचे मी. ज्या दवाखान्यात जात होते तिथे सांगितलं, तर उत्तर मिळालं, “गरोदरपणात असं होतंच.” शेवटी रक्त घ्यायला आलेल्या एका वयस्क नर्सबाईंनी विचारलं, “गोळी कधी घेतेस गो? कशाबरोबर?” वेळ बदलली आणि महिन्याभरात आकडा खाली आला. हिमोग्लोबिन कमी होतं, तेही तेव्हाच नीट पाहिलं गेलं.

मी डॉक्टर नाही. डोस ठरवणं, वाढवणं, थांबवणं हे तुमच्या डॉक्टरांचंच काम. पण कोणती तपासणी कधी मागायची, गोळी कशी घ्यायची, झोपेची कुठली तक्रार साधी आणि कुठली नाही, हे प्रत्येक बाईला माहीत असायला हवं, म्हणून हे लिहिते आहे.

थायरॉइड आणि झोप एकत्र का बघायची

थायरॉइड ही गळ्याच्या पुढच्या बाजूला असलेली फुलपाखराच्या आकाराची ग्रंथी. शरीराची आच किती ठेवायची हे ती ठरवते. पोटातल्या बाळाची स्वतःची थायरॉइड साधारण बाराव्या आठवड्यापासून काम शिकू लागते आणि अठरा ते वीस आठवड्यांच्या सुमाराला तिला नीट जम बसतो. तोपर्यंत बाळाच्या मेंदूच्या वाढीसाठी लागणारं हे संप्रेरक आईच्या रक्तातूनच जातं. म्हणून पहिले तीन महिने सगळ्यांत महत्त्वाचे, आणि नेमके तेच दिवस आपण “अजून कुणाला सांगायचं नाही” म्हणून तपासणीविना घालवतो.

थायरॉइड कमी पडला तर थकवा, दिवसा झापड, थंडी वाजणं, बद्धकोष्ठ, केस गळणं. जास्त झाला तर छातीत धडधड, हाताला कंप, घाम, आणि रात्रभर टक्क डोळे. आता यातली किती लक्षणं नुसत्या गरोदरपणातही असतात बघा. जवळजवळ सगळी. त्यामुळे लक्षणांवरून घरी अंदाज बांधता येत नाही, रक्त तपासावंच लागतं.

दोघांना जोडणारा आणखी एक धागा आहे, तो लोहाचा. शरीरात लोह कमी असेल तर थायरॉइडचं संप्रेरक तयार होण्यात अडथळा येतो. लोह कमी असेल तर रात्री पाय शिवशिवतात. आणि ती कमतरता भरून काढायला घेतलेली लोहाची गोळी थायरॉइडच्या गोळीबरोबर पोटात गेली, तर ती थायरॉइडची गोळी अंगी लागू देत नाही. माझं जे झालं ते हेच.

पाळी चुकली की पहिल्या आठवड्यात

दिवस राहिल्याचं कळताच टीएसएचची तपासणी मागून घ्या. घरात कुणाला थायरॉइड आहे, गळ्याला गाठ किंवा सूज आहे, आधी गर्भपात झाला आहे किंवा बाळ अपुऱ्या दिवसांचं झालं आहे, मूल राहायला वेळ लागला, टाइप १ मधुमेह आहे, वय तिशीच्या पुढे आहे, यांतलं काहीही असेल तर आवर्जून सांगा. न विचारताही सांगा.

सुरुवात जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रापासून करा. तिथे नाव नोंदवलं की माता-बाल संरक्षण कार्ड मिळतं. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची मोफत तपासणी असते. टीएसएचचं रक्त तिथेच घेतात की पुढे पाठवतात हे आदल्या दिवशी फोन करून विचारा, म्हणजे साळ किंवा मोर्ले गावाहून दोन बस बदलून आलेल्या बाईची खेप फुकट जात नाही. पुढची पायरी म्हणजे फोंड्याचं उपजिल्हा इस्पितळ, म्हापसा आणि मडगावची जिल्हा इस्पितळं, आणि गुंतागुंत असेल तर बांबोळीचं गोमेकॉ, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेज.

टीएसएचसाठी उपाशी राहावं लागत नाही. गोळी आधीपासून चालू असेल तर त्या दिवशी रक्त देऊन मग गोळी घ्या. केस-नखांसाठी बायोटिन असलेली गोळी घेत असाल तर ती दोन दिवस आधी बंद ठेवा आणि तंत्रज्ञाला तसं सांगा, कारण बायोटिनमुळे आकडे चुकीचे येऊ शकतात.

रिपोर्ट हातात आल्यावर

इथे बऱ्याच जणी घाबरतात किंवा उगाच निश्चिंत होतात. प्रयोगशाळेच्या कागदावर उजव्या बाजूला जी “नॉर्मल” मर्यादा छापलेली असते ती बहुतेक वेळा गरोदर नसलेल्या माणसांची असते. आपल्याला ती लागू नाही. गरोदरपणात पहिल्या तीन महिन्यांत एचसीजी हे संप्रेरक थायरॉइडला चेव देतं, त्यामुळे टीएसएच आपोआप थोडा खाली जातो. म्हणून वरची मर्यादाही खाली आणावी लागते.

ती किती, यावर एकमत नाही. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या २०१४च्या मार्गदर्शक सूचनांत पहिल्या तिमाहीत २.५ आणि त्यानंतर ३ ही सीमा आहे. अमेरिकन थायरॉइड असोसिएशनने २०१७ साली सांगितलं, की आपल्या लोकसंख्येची वेगळी मर्यादा उपलब्ध नसेल तर सुमारे ४ धरावी. म्हणून ३.२ आकडा आलेल्या दोन मैत्रिणींपैकी एकीला गोळी मिळते आणि दुसरीला “महिन्याने पुन्हा बघू” असं सांगतात. दोन्ही डॉक्टर चुकत नसतात. अशा मधल्या आकड्याला अँटी-टीपीओ ही चाचणी निर्णयाला मदत करते. ती पॉझिटिव्ह असेल तर शरीर स्वतःच्याच थायरॉइडवर हल्ला करत आहे असा अर्थ, आणि मग डॉक्टर गोळीकडे लवकर वळतात. आकडा १०च्या वर असेल तर मात्र वाद नाही, उपचार लगेच सुरू व्हायला हवेत.

गोळी सुरू झाली की साधारण २० आठवड्यांपर्यंत दर चार आठवड्यांनी टीएसएच, आणि पुढे किमान एकदा तिसाव्या आठवड्याच्या आसपास. पुढच्या तपासणीची तारीख डॉक्टरांच्या खोलीतून बाहेर पडायच्या आत लिहून घ्या.

आधीपासून थायरॉइडची गोळी घेणाऱ्यांनी

तुमच्यासाठी सगळ्यांत घाईचं काम हे. गरोदरपणात या गोळीची गरज २५ ते ५० टक्क्यांनी वाढते, आणि ही वाढ चौथ्या-सहाव्या आठवड्यापासूनच सुरू होते. म्हणजे पाळी चुकल्याचं लक्षात येतं त्याच सुमारास. मूल हवं असं ठरवताय तेव्हाच डॉक्टरांना विचारून ठेवा : “चाचणी पॉझिटिव्ह आली तर भेट होईपर्यंत मी डोस किती वाढवू?” बरेच डॉक्टर आठवड्याला दोन गोळ्या जादा घ्यायला सांगतात, म्हणजे सातच्या जागी नऊ. पण हे त्यांच्या तोंडून, तुमच्या प्रकृतीसाठी ऐकलेलं असायला हवं.

आणि एक. “पोटात बाळ आहे, औषधं कशाला” म्हणून ही गोळी बंद करू नका. या गोळीतलं लेव्होथायरॉक्सिन म्हणजे आपल्याच शरीरात बनतं तेच संप्रेरक. ते कमी पडणं हाच बाळाला धोका आहे. सासूबाई काळजीपोटी म्हणत असतील तर त्यांनाच एकदा तपासणीला सोबत घेऊन जा. माझ्या भावजयीने तेच केलं आणि आता सकाळी गोळी घेतलीस का, हे विचारणाऱ्या त्याच पहिल्या.

घड्याळ

हा भाग मी सगळ्यांत सविस्तर लिहिते, कारण घोटाळा इथेच होतो.

थायरॉइडची गोळी रिकाम्या पोटी, साध्या पाण्याबरोबर. त्यानंतर किमान अर्धा तास, जमलं तर तासभर, चहा, कॉफी, दूध, पेज, काहीही नाही. लोह आणि कॅल्शियम किमान चार तासांनंतर. अॅसिडिटीवरची चघळायची गोळी किंवा पातळ औषधही याच नियमात येतं.

सरकारी केंद्रातून दुसऱ्या तिमाहीपासून रोज एक लोह-फॉलिक अॅसिडची गोळी मिळते, तीत ६० मिलिग्रॅम लोह असतं. कॅल्शियमच्या ५०० मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या दिवसात दोन वेळा. लोह आणि कॅल्शियम यांचंही एकमेकांशी पटत नाही, त्यामुळे त्यांनाही वेगळं ठेवायचं.

आमच्या घरी हे असं बसलं : पहाटे सव्वापाचला थायरॉइड. साडेसहाला चहा आणि नाश्ता. अकराला लोहाची गोळी, लिंबूपाण्याबरोबर किंवा आमसुलाच्या सरबताबरोबर, कारण आंबटाने लोह चांगलं शोषलं जातं. या गोळीच्या मागेपुढे तासभर चहा नाही. दीड वाजता जेवून कॅल्शियम. रात्री आठला जेवून दुसरं कॅल्शियम. लोहाने मळमळत असेल तर ती जेवणानंतर तासाभराने घ्या, पण कॅल्शियमपासून दोन तास आणि थायरॉइडपासून चार तास दूर.

पहिल्या तीन महिन्यांत सकाळीच ओकाऱ्या होत असतील तर रिकाम्या पोटी गोळी टिकत नाही. अशा वेळी डॉक्टरांना विचारून ती रात्री घेता येते, शेवटच्या जेवणानंतर किमान तीन तासांनी. मात्र मग रात्रीचं कॅल्शियम दुपारच्या बाजूला सरकवावं लागेल. गोळी घेतल्यावर लगेच ओकारी झाली तर काय करायचं, हेही आधीच विचारून ठेवा.

सकाळी विसरलात तर त्याच दिवशी जेवणानंतर तीन तासांनी आठवणीने घ्या. सोमवारचा उपवास असो वा चवथीची धांदल, गोळी चुकवायची नाही. पाणी आणि औषध याने उपास मोडत नाही असं आमच्या आजीही सांगायच्या.

बाटली न्हाणीघरात किंवा चुलीच्या वरच्या फळीवर ठेवू नका. आपल्याकडे पावसाळ्यात मीठसुद्धा पाझरतं, गोळीचं काय होणार? झाकण घट्ट, कपाटात, कोरड्या जागी. आणि एकदा एका कंपनीची गोळी सुरू केली की शक्यतो तीच ठेवा. औषधवाल्याने दुसरी दिली तर डॉक्टरांना कळवा.

मीठ आणि मासळी

गरोदर बाईला रोज २५० मायक्रोग्रॅम आयोडीन लागतं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपल्याकडे समज असा, की समुद्राकाठी राहणाऱ्यांना आयोडीनची काय वाण! पण आगरवाड्याचं किंवा रायबंदरचं आगराचं खडेमीठ समुद्राचं असलं तरी त्यात आयोडीन नगण्य असतं, ते पाण्याबरोबर जातं. आगराचं मीठ लोणच्याला, तोरांना (कैऱ्यांना), खाऱ्या मासळीला जरूर वापरा. हे मीठ पिकवणाऱ्यांचे कष्ट मी पाहिले आहेत आणि ते टिकावं असं मला मनापासून वाटतं. पण गरोदर बाईच्या रोजच्या आमटी-भाजीत आयोडीनयुक्त मीठच घाला. नियमाप्रमाणे अशा मिठाच्या प्रत्येक ग्रॅममधून तुमच्यापर्यंत किमान १५ मायक्रोग्रॅम आयोडीन पोचायला हवं, म्हणजे दिवसाच्या पाच ग्रॅम मिठातून ७५. बाकीचं बांगडा, तारली, सुंगटं, तिसऱ्या, अंडी आणि दूध यांतून. बरणी झाकून ठेवा आणि मीठ शिजत आल्यावर घाला, उष्णतेने आयोडीन उडतं.

मोरीसारखी (शार्कसारखी) मोठी शिकारी मासळी गरोदरपणात टाळा, तिच्यात पारा साठतो. बांगडा-तारली उत्तम. कोबी-फ्लॉवर शिजवून खायला हरकत नाही. मात्र थायरॉइडची गोळी चालू असेल किंवा थायरॉइड जास्त असेल तर आयोडीनची वेगळी गोळी किंवा समुद्रशेवाळाची पावडर स्वतःहून घेऊ नका. जास्त आयोडीनही ग्रंथी बिघडवतं.

थायरॉइड जास्त असेल तर

हे कमी जणींना होतं, पण सांभाळायला अवघड. पहिल्या तिमाहीत खूप ओकाऱ्या होणाऱ्या बाईचा टीएसएच फार खाली येतो तेव्हा ते बहुधा एचसीजीमुळेच असतं, आणि दुसऱ्या तिमाहीत आपोआप निवळतं. सलाइन, उलटीचं औषध, विश्रांती एवढं पुरतं. ग्रेव्हज हा आजार मात्र वेगळा. त्यात गळा सुजतो, डोळे बटबटीत दिसतात, वजन वाढायच्या ऐवजी घटतं. त्यावरचं औषध पहिल्या तिमाहीत वेगळं, पुढे कदाचित वेगळं. कार्बिमॅझोल हे त्यावरचं औषध घेत असताना दिवस राहिले तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. मनाने बंदही करू नका, चालूही ठेवू नका. या औषधांवर असताना ताप आणि घसादुखी आली तर रक्तातल्या पांढऱ्या पेशी तपासल्याशिवाय राहू नका. अशा बाईची देखभाल स्त्रीरोगतज्ज्ञ आणि अंतःस्रावी ग्रंथींचे तज्ज्ञ या दोघांनी मिळून करावी. आणि किरणोत्सारी आयोडीन वापरून केलेली तपासणी किंवा उपचार गरोदरपणात अजिबात नाही.

झोपेची वही

आता झोपेकडे. पहिल्या तिमाहीत प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकामुळे दिवसा झापड येते आणि रात्री लघवीला उठावं लागतं. मधले महिने बरे जातात. शेवटच्या तिमाहीत पोटाचा भार, छातीतली जळजळ, बाळाच्या लाथा, पाठ, सगळं एकदम. एवढं तर होणारच. पण “होणारच” हा शब्द कुठे थांबवायचा हे कळायला लिहून ठेवावं लागतं.

माझी भावजय कालनिर्णयच्या तारखेच्या चौकोनात लिहिते. “गो ५.१५” म्हणजे गोळीची वेळ. “झो ४” म्हणजे चार तास झोप. “पा” म्हणजे पाय शिवशिवले, “घो” म्हणजे भाऊ म्हणाला की घोरत होतीस. मार्चच्या पानावर एका आठवड्यात पाच “पा” झाले. तिने ते पान फाडून डॉक्टरीणबाईंसमोर ठेवलं. त्यांनी हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिनही, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, तपासायला लावलं. ते १४ निघालं. लोहाची मात्रा बदलली आणि एप्रिलच्या पानावर “पा” कमी होत गेले. दोन आठवडे असं लिहून पाहा. डॉक्टरांसमोर “झोपच नाही लागत हो” म्हणण्यापेक्षा हे पान जास्त बोलतं.

पाय शिवशिवतात

याला रेस्टलेस लेग्ज सिंड्रोम म्हणतात. ओळख अशी : संध्याकाळ झाली आणि आडवं झालं की पाय हलवल्याशिवाय राहवत नाही, आतून काहीतरी सरपटतंय असं वाटतं, उठून चाललं की थांबतं, झोपलं की पुन्हा. सुमारे पाच गरोदर बायकांपैकी एकीला हा त्रास होतो आणि बाळंतपणानंतर बहुतेकींचा जातो. पोटरीत गोळा येणं हे निराळं. तिथे दुखतं, स्नायू दगडासारखा होतो, आणि पायाची बोटं नडगीकडे ओढून धरली की सुटतो.

शिवशिवीसाठी फेरिटिन तपासायला सांगा. हिमोग्लोबिन ११च्या वर असूनही साठा रिकामा असू शकतो. फेरिटिन ३०च्या खाली असेल तर लोह भरून काढायला हवं. गोळी सोसत नसेल तर पहिल्या तिमाहीनंतर सलाइनमधूनही देता येतं. सर्दीच्या साध्या गोळ्यांतली अॅलर्जीविरोधी औषधं आणि ओकारीवरचं मेटोक्लोप्रामाइड यांनी ही शिवशिव वाढते, म्हणून अशी औषधं चालू असतील तर सांगा. चहा-कॉफी दुपारनंतर बंद. झोपण्याआधी पोटऱ्या ताणणं, अंगणात दहा मिनिटं चालणं, कोमट खोबरेल तेलाने पाय रगडून घेणं यांनी खरंच आराम पडतो. नवऱ्याने हे काम अंगावर घ्यावं.

एकच पाय सुजला, तापला आणि दुखतोय, तर मात्र रगडू नका. रक्ताची गुठळी असू शकते, लगेच इस्पितळात जा.

घोरणं

गरोदरपणात नाक चोंदतं, थोडं घोरणं वाढतं. पण मोठ्याने घोरता घोरता श्वास मध्येच थांबतो, मग दचकून हुंदका दिल्यासारखा सुरू होतो, सकाळी डोकं जड, दिवसभर पेंग, असं असेल तर तो झोपेतला श्वासरोध असू शकतो. वजन जास्त असेल किंवा थायरॉइड कमी असेल तर याची शक्यता वाढते, आणि त्याचा संबंध वाढलेल्या रक्तदाबाशी आणि गरोदरपणातल्या मधुमेहाशी आहे. नवऱ्याला सांगा, रात्री मोबाइलवर दोन मिनिटांचा व्हिडिओ काढ. डॉक्टरांना तो दाखवा. झोपेच्या चाचणीत श्वासरोध निघालाच तर सीपॅप नावाचं हवेचा दाब देणारं यंत्र मिळतं. ते बाळाला सुरक्षित आहे.

कुशीवर, पोट हलकं, दिवा मंद

२८ आठवड्यांनंतर झोपायला जाताना कुशीवर झोपा. डावी की उजवी, दोन्ही चालतात. उताणं झोपल्यावर गर्भाशयाचा भार पोटातल्या मोठ्या रक्तवाहिनीवर पडतो आणि बाळाकडे जाणारं रक्त कमी होतं. शेवटच्या तिमाहीत उताणं झोपी जाण्याचा आणि बाळ पोटात दगावण्याचा संबंध अभ्यासांत आढळला आहे. धोका एकूणात लहान, पण टाळणं सोपं. पाठीमागे गोधडीची गुंडाळी लावा, गुडघ्यांमध्ये उशी घ्या. मध्येच जाग आली आणि उताण्या दिसलात तर नुसतं वळा, मनाला लावून घेऊ नका.

जळजळीसाठी रात्रीचं जेवण आठच्या आत, झोपण्याच्या दोन-तीन तास आधी. तिखट हुमण दुपारी, रात्री पेज आणि अळसांद्यांची भाजी. खाटेच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा घालून ती बाजू थोडी उंच करा. पाणी दिवसभर भरपूर, संध्याकाळनंतर बेताने. चहा-कॉफी मिळून दिवसाला २०० मिलिग्रॅम कॅफिनच्या आत, म्हणजे घरचे दोन-तीन लहान कप.

दुपारची झोप ही आपल्या गोव्याची सवय, ती मोडू नका. पण रात्री झोप येत नसेल तर ती अर्ध्या तासावर आणा आणि तीनच्या आत उठा. रात्री वीस मिनिटं डोळा लागला नाही तर अंथरुणातच कुढत पडू नका. उठून पडवीत बसा, जांभई आली की परत या. सकाळी उठायची वेळ मात्र रोज एकच. एप्रिल-मेच्या दमट उकाड्यात झोपण्याआधी कोमट पाण्याने अंघोळ आणि सुती कपडे.

झोपेची गोळी कुणी दिली म्हणून घेऊ नका, अश्वगंधा किंवा “नैसर्गिक” म्हणून विकली जाणारी पावडरही नाही. अश्वगंधा थायरॉइडचे आकडेही हलवते. आणि “चमचाभर फेणीने झोप लागते” हे कुणी सांगितलं तर त्यांचा मान राखून नाही म्हणा. गरोदरपणात दारूची सुरक्षित अशी कुठलीच मात्रा नाही.

मन सारखं भरून येतंय, कशात रस नाही, पहाटे तीनला जाग येऊन छातीत भीती बसते, आणि हे दोन आठवडे टिकलं, तर झोपेचा नव्हे, मनाचा इलाज हवा. बांबोळीला आयपीएचबी हे मानसोपचाराचं सरकारी इस्पितळ आहे, आणि टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो. थायरॉइड बिघडल्यानेही मन असं खचतं, म्हणून टीएसएच पुन्हा पाहायला सांगा.

वाट न बघता निघायचं केव्हा

प्रचंड डोकेदुखी, डोळ्यांपुढे काजवे, वरच्या पोटात दुखणं. बाळाची हालचाल नेहमीपेक्षा कमी जाणवणं. पाणीही टिकत नाही इतक्या ओकाऱ्या. थायरॉइड जास्त असलेल्या बाईला ताप, भ्रम आणि जोराची धडधड. रात्री तळहात-तळपाय असह्य खाजणं आणि अंगावर पुरळ नसणं. यात यकृताची चाचणी आणि पित्ताम्लं त्याच दिवशी तपासायला हवीत. १०८ला फोन करा, शेजाऱ्याची गाडी मिळेल का याची चौकशी करत बसू नका.

बाळंतपणानंतर

प्रसूती झाली की वाढवलेला डोस बहुधा आधीच्या मात्रेवर आणतात. किती, हे डिस्चार्जच्या कागदावर लिहून घ्या, आणि सहा आठवड्यांनी टीएसएच. अंगावर पाजताना ही गोळी सुरक्षित आहे. गरोदरपणातच पहिल्यांदा सुरू झालेली गोळी काहींची बंदही होते, पण तपासूनच. बाळंतिणीला लोह-कॅल्शियम पुढेही चालू असतं, तेव्हा घड्याळाचा नियम तसाच.

पहिल्या वर्षात काही बायकांना बाळंतपणानंतरचा थायरॉइडचा दाह होतो. आधी दोन-चार महिने धडधड, चिडचिड, वजन उतरणं. मग थकवा, केस गळणं, उदासी. घरची मंडळी म्हणतात बाळंतिणीला झोप नाही म्हणून. अँटी-टीपीओ पॉझिटिव्ह असलेल्या बाईने तर तिसऱ्या आणि सहाव्या महिन्यात तपासून घ्यावंच. रात्रीचं एक पाजणं झाल्यावर ढेकर काढणं, दुपटं बदलणं घरातल्या दुसऱ्या कुणी केलं तर आईला सलग चार तास मिळतात.

आणि बाळ. जन्मानंतर दुसऱ्या ते पाचव्या दिवसात टाचेतून थेंबभर रक्त घेऊन त्याचाही टीएसएच तपासता येतो. जन्मतः थायरॉइड कमी असलेलं बाळ दिसायला धडधाकट असतं, आणि पहिल्या दोन आठवड्यांत उपचार सुरू झाले तर त्याच्या वाढीला बाधा येत नाही. घरी निघण्याआधी “बाळाचा टीएसएच झाला का?” हे विचारा. भावजयीची तारीख जूनच्या मध्याला आहे. तिने कालनिर्णयच्या जूनच्या पानावर पेन्सिलीने लिहून ठेवलंय “बाळाची टाच”, आणि जुलैच्या शेवटच्या चौकोनात “माझं रक्त, गोळीच्या आधी”.